शंखघराला आली जांभई

शंखघरातली एकूण एक वस्तू ठीक होती, आणि तरीही शंखघर आजारी होतं.

हे कोडं कुणालाच सुटत नव्हतं. दिवे तपासले, ते ठीक. पंप तपासले, तेही ठीक. शेवाळाच्या टाक्या हिरव्यागार होत्या, हवेच्या नळ्या स्वच्छ होत्या. तरीसुद्धा त्या सकाळी न्याहारीला बसलेली सगळी माणसं एकामागून एक जांभया देत होती. शलाकाने पोह्यांची बशी पुढे ओढली आणि तिलाही एवढी मोठी जांभई आली की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पुन्हा हवा जड झाली," आई हळूच म्हणाली आणि तिने आपली बशी बाजूला सारली.

शंखघर म्हणजे मालवणच्या किनाऱ्यापासून बरंच आत, समुद्राच्या तळाशी बांधलेली एक छोटीशी वस्ती. पांढऱ्या, वळणदार घुमटांची. माशाच्या नजरेने वरून पाहिलं, तर कुणीतरी भलामोठा शंख वाळूवर ठेवलाय असं वाटावं. तापत चाललेल्या समुद्रात पांढरी पडून मरू लागलेली प्रवाळं पुन्हा जगवायची, म्हणून ही वस्ती उभी राहिली होती. ती बांधणारे हात याच किनाऱ्यावरचे होते. होड्या बांधणारे सुतार, वेल्डर, पाणबुडे, इथल्याच कॉलेजांत शिकलेले अभियंते. शंखघर ज्या दिवशी पाण्यात उतरलं, त्या दिवशी साऱ्या बंदरावर पेढे वाटले गेले होते. शलाका तेव्हा बरीच लहान होती, पण आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलेला तो पांढरा घुमट तिला अजून आठवत होता.

आता ती त्याच घुमटात राहत होती. तिचे बाबा वरच्या बोटीवर काम करायचे, दर आठवड्याला खाली धान्य, भाजी घेऊन यायचे. आई, म्हणजे मेधा कुबल, शंखघराच्या हवेची अभियंता होती. आणि आईचे वडील, डॉक्टर विश्राम पराडकर, प्रणालीशास्त्रज्ञ होते. प्रणालीशास्त्रज्ञ म्हणजे नक्की काय, हे शलाकाने आजवर कधी नीट विचारलं नव्हतं. आजोबांची शास्त्रज्ञ म्हणून वर फार मोठी कीर्ती आहे एवढंच तिला माहीत होतं आणि तेवढ्यावर ती मैत्रिणींत पुष्कळ मिरवायची.

न्याहारी संपता संपता शंखघराच्या प्रमुख फरीदा काझी उभ्या राहिल्या. सगळे त्यांना काझीमॅडम म्हणत. उंच, करारी आणि मनाने मऊ बाई.

"लपवण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "गेले काही दिवस हवा कधी जड होते, कधी एकदम हलकी. आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. आजची लाट धोक्याच्या लाल रेघेच्या अगदी जवळ पोचली होती. उद्याची जर ती रेघ ओलांडून गेली, तर मला सगळ्यांना वर पाठवावं लागेल. शंखघर बंद करावं लागेल."

शंखघर बंद म्हणजे प्रवाळबाग बंद. बागेतली हजारो कोवळी प्रवाळं रोज हाताने साफ करावी लागत, नाहीतर त्यांच्यावर कचरा आणि रानशेवाळ चढून ती गुदमरत.

"वरच्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे," मॅडम जरा थांबून म्हणाल्या, "की दोष नव्या वायुरक्षकात असावा."

शलाकाने चटकन आईकडे पाहिलं. हवा सांभाळणारा तो वायुरक्षक आईने बनवला होता. दोन पावसाळे खपून बनवला होता. आईने फक्त रिकामा पेला उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

शलाका तडक आजोबांच्या टेबलाशी गेली.

"आजोबा, आईचं यंत्र खराब नाहीये."

"नाहीच आहे," आजोबा शांतपणे म्हणाले. "बारकूने ते तीनदा तपासलं. काय रे बारकू?"

बारकू म्हणजे शंखघराचा तपासनीस यंत्रमानव. दिसायला कळशीएवढा, खाली चार आखूड पाय, बाजूंना दोन बारीक हात, आणि वर एकच मोठा डोळा. तो दिवसभर सगळ्या घुमटांतून फिरून एकेक वस्तू तपासायचा.

"वायुरक्षक ठीक आहे," बारकू म्हणाला. "दिवे ठीक आहेत. शेवाळ ठीक आहे. टेबल ठीक आहे. शलाकाच्या डोळ्यांतून पाणी गळत आहे. दुरुस्ती हवी का?"

"नको," शलाका डोळे पुसत म्हणाली. "आजोबा, सगळंच ठीक असेल तर मग बिघडलंय तरी काय?"

आजोबांचे डोळे चमकले. "हा खरा प्रश्न! बस गो इथे. तू रापण पाहिलीयस ना?"

शलाकाने मान हलवली. किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणी पाहिली नसेल? समुद्रात लांबवर जाळं टाकून त्याचे दोन्ही दोर वाळूवर उभ्या राहिलेल्या माणसांनी ओढत आणायचे. अख्खा कोळीवाडा त्यात उतरतो.

"मग सांग, रापण कुठे असते? दोरात असते का?"

"नाही. दोर नुसता दोर असतो."

"जाळ्यात?"

"नाही."

"ओढणाऱ्या एखाद्या माणसात?"

शलाका हसली. "एकट्या माणसाला जाळं हलणारसुद्धा नाही."

"बरोबर. दोर मजबूत, जाळं नवं, माणसं धडधाकट. पण डाव्या दोराची माणसं जोरात ओढू लागली आणि उजवीकडची गप्पा मारत बसली, तर?"

"जाळं तिरकं होईल. मासे निसटून जातील."

"आणि त्या वेळी आपल्या बारकूला तपासायला पाठवलं तर तो काय सांगेल?"

"दोर ठीक आहे, जाळं ठीक आहे," शलाका बारकूच्या आवाजात म्हणाली. तिच्या लक्षात येऊ लागलं होतं.

"अनेक घटक (भाग) एकमेकांशी जोडलेले असतात, एकमेकांवर परिणाम करतात, आणि सगळे मिळून एखादं काम करतात, तेव्हा त्या सगळ्याला मिळून प्रणाली म्हणतात," आजोबा म्हणाले. "रापण ही प्रणाली आहे. तुझं शरीर ही प्रणाली. बंदरावरचा मासळीबाजार ही प्रणाली. आणि आपलं शंखघरही. प्रणालीत घटक महत्त्वाचे असतात, पण त्यांच्यातले संबंध, म्हणजे कोण कुणावर कसा परिणाम करतो ते, तेवढेच महत्त्वाचे असतात. मासे पकडण्याचा गुण एकट्या दोरात नाही, एकट्या माणसात नाही. सगळे नीट जोडले गेले की तो उगवतो. अशा गुणाला उद्भूत गुण (वेगवेगळ्या भागांत नसलेला, पण एकत्र आल्यावर प्रकट होणारा गुण) म्हणतात. आणि गो, गुण जसे असे उगवतात ना, तसे दोषही उगवतात."

"म्हणजे आजार एखाद्या वस्तूत नाहीच! दोन वस्तूंच्या मध्ये कुठेतरी आहे!"

"मला तसं वाटतं खरं. पण नेमका कुठे, ते मला अजून सापडलेलं नाही. गेले दोन दिवस मी आकडे घेऊन बसलोय आणि माझी दृष्टी तिथेच फिरत राहिलीय. तू ताज्या डोळ्यांनी बघतेस का?"

एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने आपल्याला असं विचारावं! शलाका ताठ बसली.

आजोबांनी स्वयंपाकघरातून रिकाम्या वाट्या आणि सुतळीचा गुंडा आणला. एकेक वाटी म्हणजे एकेक घटक, आणि सुतळी म्हणजे त्यांच्यातला संबंध. शलाकाने पहिली वाटी ठेवली. "ही हवा." दुसरी ठेवली. "हे शेवाळ. शेवाळ हवेतला कर्बवायू (आपण श्वास बाहेर सोडताना टाकतो तो वायू) घेतं आणि प्राणवायू देतं." तिने सुतळीने दोन्ही वाट्या जोडल्या. तिसरी वाटी दिव्यांची. दिवे प्रखर झाले की शेवाळाचं काम वाढतं, मंद झाले की कमी होतं. चौथी वाटी वायुरक्षकाची. हवेत कर्बवायू वाढला की तो दिवे वाढवतो, घटला की दिवे उतरवतो.

सुतळी हवेपासून वायुरक्षकाकडे, तिथून दिव्यांकडे, तिथून शेवाळाकडे आणि शेवाळाकडून पुन्हा हवेकडे आली. शलाका थबकली.

"हे तर गोल झालं!"

"झालंच पाहिजे. वायुरक्षकाने काम केलं, त्याचा परिणाम हवेवर झाला, आणि त्या परिणामाची बातमी फिरून पुन्हा वायुरक्षकाकडेच आली. याला म्हणतात प्रत्याभरण (परिणामाची खबर पुन्हा कारणापर्यंत पोचणं). बोलताना आपण फीडबॅक म्हणतो ते हेच. तू उन्हात खेळलीस की काय होतं?"

"घाम येतो."

"घामाने अंग थंड होतं. पुरेसं थंड झालं की घाम थांबतो. म्हणजे बिघाड एका दिशेला गेला की शरीर उलट्या दिशेला ओढतं आणि समतोल राखतं. हे झालं समतोल राखणारं प्रत्याभरण. दुसरा एक प्रकार असतो, वाढवणारा. गणपतीत मंडपातला माइक चुकून स्पीकरसमोर धरला की काय होतं?"

"कुंऽऽई!" शलाकाने कान झाकले.

"स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये. वाढत वाढत कान फाटेपर्यंत. शरीर असो, यंत्र असो की गाव, कुठेही जा, हे दोन प्रकार तुला सापडतातच. म्हणून तर माझं शास्त्र मला आवडतं. वरवर काही संबंध नसलेल्या गोष्टी आतून एकाच नियमाने चालतात."

शलाका वाट्यांकडे पाहत राहिली. "पण आपलं वर्तुळ तर समतोल राखणारं आहे. हवा बिघडली की वायुरक्षक ती सुधारतो. मग लाटा का येतात?"

"तिथेच मी अडकलोय," आजोबा प्रांजळपणे म्हणाले.

पोह्यांमुळे हात तेलकट झाले होते, म्हणून शलाका मोरीशी गेली. शंखघरात गरम पाणी लांबच्या घुमटातून नळीने येत असे. बारकू तिच्या मागोमाग आलाच.

"बारकू, पाणी कोमट करून दे ना."

बारकूने नळाखाली आपली बोटं धरली. "पाणी थंड आहे," असं म्हणत त्याने गरम पाण्याची चावी थोडी फिरवली. काही फरक पडला नाही. "अजून थंड आहे." त्याने चावी आणखी फिरवली. तरी पाणी थंडच. त्याने चावी पूर्ण उघडली. आणि मग एकदम वाफाळतं पाणी आलं!

"आई गं!" शलाकाने हात मागे घेतला.

"पाणी फार गरम आहे." बारकूने चावी झटक्यात बंद केली. पाणी गरमच येत राहिलं. त्याने ती आणखी घट्ट पिळली. थोड्या वेळाने बर्फासारखं पाणी सुरू झालं. बारकूने पुन्हा चावी पूर्ण उघडली.

"अरे, थांब जरा! नळी लांब आहे. तू चावी फिरवलीस की गरम पाणी इथपर्यंत यायला वेळ लागतो. तू वाटच बघत नाहीस. थोडी फिरव आणि थांब..."

बोलता बोलता शलाकाचा आवाज बंद झाला. नळ तसाच वाहत राहिला.

"चावी ठीक आहे," बारकू म्हणाला. "नळी ठीक आहे. बारकू ठीक आहे."

शलाका ओल्या हातांनीच पळत सुटली.

"आजोबा! शेवाळाला दिवा वाढवल्यावर जोर धरायला किती वेळ लागतो?"

"बराच. जवळजवळ दुपारभर."

"आणि वायुरक्षकाला हवा कळायला?"

"लगेच कळतं. आधीचं यंत्र सुस्त होतं, म्हणून तर मेधाने..." आजोबा वाक्य अर्ध्यावर सोडून तिच्याकडे बघत राहिले.

"वायुरक्षक फार तल्लख आहे," शलाका धापा टाकत म्हणाली. "हवा जड झाली की तो लगेच दिवे वाढवतो. शेवाळ अजून जागं व्हायचं असतं. त्याला वाटतं काहीच फरक पडला नाही, म्हणून तो आणखी वाढवतो. मग शेवाळ जागं होतं ते भलत्याच जोरात! हवा नको तितकी साफ होते. तो घाबरून दिवे उतरवतो, पण शेवाळ थंड व्हायलाही दुपार लागते. तोवर दिवे पार विझत आलेले असतात. दोघंही चांगले आहेत आजोबा, पण दोघांची चाल जुळत नाही!"

आजोबा खुर्चीतून उठले. त्यांनी आपल्या नातीला जवळ घेतलं.

"विलंब," ते म्हणाले. "प्रत्याभरणातला विलंब (खबर पोचायला किंवा परिणाम दिसायला लागणारा वेळ). मी प्रत्येक वाटी मोजली, पण सुतळी किती लांब आहे ते मोजायचं राहून गेलं."

पण शलाकाचं समाधान झालं नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर हवेचा आलेख दिसत होता. डोंगर, दरी, डोंगर, दरी. पहिले डोंगर म्हणजे नुसत्या टेकड्या होत्या. शेवटचा मात्र लाल रेघेला टेकायला आला होता.

"विलंबामुळे लाटा येतात, हे कळलं. पण त्या मोठ्या का होत चालल्यात?"

"आता तू टेबलावर सीमा आख," आजोबांनी सुचवलं. "प्रत्येक प्रणालीला सीमा असते. सीमेच्या आत प्रणाली, बाहेर परिसर. परिसरातून काही आत येतं, त्याला आवक म्हणू. काही बाहेर जातं, ती जावक. ज्या प्रणालीत अशी ये-जा चालू असते तिला खुली प्रणाली म्हणतात. जगणारी प्रत्येक गोष्ट खुली असते. तुझी सीमा कुठे आहे?"

शलाकाने उरलेली सुतळी वाट्यांभोवती फिरवली. बाहेरून वीज येते, लाटांवर चालणाऱ्या चक्क्यांकडून. बाबांच्या बोटीतून धान्य येतं. केरकचरा आणि जास्तीचं शेवाळ वर जातं. "आणि माणसं. ती श्वास घेतात आणि कर्बवायू सोडतात." तिने माणसांची वाटी ठेवली आणि ती सुतळीने हवेला जोडली.

"माणसं फक्त श्वासच घेतात?" आजोबांनी विचारलं.

शलाकाने त्या वाटीकडे टक लावून पाहिलं. हवा जड होते. माणसांना जांभया येतात, डोकं दुखतं. माणसं घाबरतात. आणि मग... प्रत्येक वेळी हवा जड झाली की काझीमॅडम काय म्हणायच्या?

"जोर वाढवा."

वायुरक्षकावर जोराची एक पट्टी होती. हवेतल्या बदलाला किती जोरात उत्तर द्यायचं, ते तिच्यावर ठरायचं. लाट आली की ती पट्टी कुणीतरी वर सरकवायचं. त्यामुळे वायुरक्षक आणखी जोरात दिवे वरखाली करायचा. त्यातून पुढची लाट आणखी मोठी यायची. मग पट्टी पुन्हा वर.

शलाकाने आणखी एक सुतळी बांधली, माणसांच्या वाटीपासून वायुरक्षकाच्या वाटीपर्यंत.

"हे दुसरं वर्तुळ," ती कुजबुजली. "वाढवणारं. मंडपातल्या माइकसारखं. आजोबा, त्यात आपणच आहोत."

"जा," आजोबा म्हणाले. "मॅडमना सांग."

"मी? तुम्ही सांगा ना."

"शोध तुझा आहे. मी शेजारी उभा राहीन."

दुपारी सगळे पुन्हा जेवणघरात जमले. शलाकाने वाट्या तशाच ठेवल्या होत्या. ती एकेक सुतळी दाखवत गेली आणि सांगत गेली. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, पण शेवाळाच्या वाटीपर्यंत येता येता तो स्थिर झाला. शेवटी माणसांची वाटी आली. तिने काझीमॅडमकडे पाहिलं.

"आणि मॅडम, लाट आली की आपण जोर वाढवतो. म्हणून पुढची लाट मोठी येते. म्हणजे... आपण मदत करायला जातो आणि त्याच मदतीने लाट वाढते."

काझीमॅडमनी वाकून ती शेवटची सुतळी बोटाने वर उचलली आणि पुन्हा सोडली.

"जोर वाढवायला मीच सांगत होते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दर वेळी मीच सांगितलं. मग आता तुझं काय म्हणणं आहे, शलाका? काय करायचं?"

"पट्टी खूप खाली आणायची. आणि मग हात लावायचा नाही. वाट बघायची."

"उद्याची लाट येताना? हवा जड होत असताना?"

"हो."

काहींनी एकमेकांकडे पाहिलं. हवा बिघडत असताना काहीच न करता बसून राहायचं, ही कल्पनाच घाम फोडणारी होती. मॅडम आईकडे वळल्या. "मेधा?"

आई सकाळपासून पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "ती म्हणते ते बरोबर आहे. शेवाळाचा आणि यंत्राचा मेळ मी घालायला हवा होता, तो तिने घातला. पट्टी किती खाली आणायची, ते मी हिशेब करून सांगते. प्राणवायूच्या नळकांड्या भरलेल्या आहेत आणि वरची बोट तयार आहे. धोका वाटला तर निघायला वेळ मिळेल."

"ठरलं तर," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पडद्यासमोर बसले होते. रेघ चढू लागली. आधीच्या लाटांइतक्याच वेगाने चढू लागली. कुणाला जांभई आली. कुणी कपाळ चोळलं. रेघ लाल खुणेच्या दिशेने सरकत राहिली. शेवाळघरातले दिवे मंद गतीने वाढत होते. इतक्या मंद गतीने की बघवत नव्हतं.

"मॅडम, थोडासा जोर..." मागून एक पाणबुड्या म्हणाला.

काझीमॅडमचा हात नकळत पट्टीकडे गेला. मग त्यांनी दोन्ही हातांची घट्ट घडी घातली. "नाही," त्या म्हणाल्या. "बसून राहायचं."

शलाकाने आईचा हात धरला होता. आई रेघेवरून नजर काढत नव्हती. रेघ आणखी वर गेली. लाल खूण आता बोटभर उरली होती. तरीही रेघ केसभर केसभर चढतच होती, आणि मग तिचा चढ मंदावला. ती आडवी झाली. कितीतरी वेळ तशीच आडवी राहिली. आणि मग, अगदी सावकाश, खाली वळली.

सगळ्यांनी आधी खोल श्वास घेतला. मग जो काही गलका उठला! पाणबुड्याने बारकूला उचलून डोक्यावर घेतलं. "पाणबुड्या ठीक नाही," बारकू वरून म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

पुढची लाट त्याहून लहान आली. त्यापुढची त्याहून लहान. आठवडा संपायच्या आत पडद्यावरची रेघ शांत समुद्रासारखी सपाट झाली. न्याहारीला शलाकाने जांभई दिलीच, तर सगळे तिच्याकडे बघून "रात्री उशिरापर्यंत वाचत बसली होतीस ना?" असं विचारू लागले.

बाबांची बोट भाजी घेऊन आली तेव्हा तिच्यातून वरचे दोन तज्ज्ञही उतरले. उत्तरेला, रत्नागिरीच्या समुद्रात आणखी मोठं शंखघर बांधायचं ठरत होतं, त्याच्या आराखड्यासाठी ते आले होते. काझीमॅडमनी त्यांना सरळ शलाकापुढे नेलं.

"आमच्या शंखघरात प्रवाळं वाढतात," त्या म्हणाल्या, "आणि प्रणालीशास्त्रज्ञही. हिच्याकडून समजून घ्या."

तज्ज्ञ हसतील असं शलाकाला वाटलं, पण त्यांनी खुर्च्या ओढल्या आणि ते खरंच ऐकायला बसले. एकाने विचारलं, दोष मेधाताईंच्या यंत्रात नव्हता हे तुला कशावरून वाटलं? शलाका म्हणाली, "दोष कुणातच नव्हता. जुळणीत होता. एखाद्याला काढून टाकलं असतं तर आपल्याकडचं एक चांगलं यंत्र गेलं असतं आणि लाटा तशाच राहिल्या असत्या." दाराशी उभी असलेली आई हे ऐकत होती. तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि बाबांच्या कानात काहीतरी म्हणाली. बाबांनी भाजीची टोपली खाली ठेवली आणि सगळ्या जेवणघराला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "आमची शलू ती!"

संध्याकाळी आजोबा आणि शलाका प्रवाळबागेसमोरच्या काचेशी बसले होते. बागेत नवी गुलाबी फांदी फुटली होती. तेवढ्यात तारल्यांचा एक थवा आला. हजारो चंदेरी मासे. ते एकदम डावीकडे वळले, एकदम उजवीकडे, जणू अख्खा थवा मिळून एकच मोठा मासा असावा.

"आजोबा, यांच्यात पुढारी कोण?"

"कुणीच नाही."

"मग वळायचं कधी, हे सगळ्यांना एकदम कळतं कसं?"

"थोडं आम्हाला समजलंय. प्रत्येक मासा आपल्या शेजाऱ्याकडे बघतो, एवढं नक्की. पण बरंच समजायचं राहिलंय," आजोबा म्हणाले. मग ते नातीकडे वळले. "माझ्याच्याने ते पुरं होणार नाही गो. तुझ्याच्याने होईल."

शलाका काचेला नाक लावून बसली. थवा पुन्हा वळला, आणि या वेळी कुठला मासा आधी वळतो हे पाहण्यासाठी तिने डोळ्यांची पापणीसुद्धा लवू दिली नाही.